एकोणीस वर्षांपूर्वीचा गुडघा

१

विमा कंपनीचं पत्र वकीलबाईंनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पत्र टेबलापलीकडे सरकवलं.

"काका, आपला घात झालाय," त्या म्हणाल्या. "आणि तो कुणीतरी जवळच्यानंच केलाय."

टेबलापलीकडे फोटोकाका बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात एक्स-रे काढले. माणसं एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून हे फोटोकाका. निवृत्त झाल्यावर चार महिने घरी बसले आणि डबे फळीवर कसे लावावेत हे बायकोला शिकवायला लागले, तेव्हा त्या माउलीनंच वकीलबाईंना फोन करून यांना कामाला लावलं. अपघाताच्या दाव्यांमधले दवाखान्याचे कागद वाचायचे, आणि कुठं पाणी मुरतंय ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम.

हा दावा ताईचा होता. ताई अडतीस वर्षांची. शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती अकरा वर्षं काम करत होती, आणि तिथं लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. सात आठवड्यांपूर्वी एका बुधवारी ओल्या चादरींनी भरलेली ढकलगाडी उतारावरून सुटली आणि तिनं ताईचा डावा गुडघा भिंतीशी चिरडला. ऑपरेशन केलं नाही तर ताई पुन्हा कुबडीशिवाय चालणार नव्हती, आणि भरपाई मिळाल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं.

पत्रात लिहिलं होतं : 'याच अवयवाला पूर्वी दुखापत झाली होती काय, या प्रश्नापुढे अर्जदार बाईंनी "नाही" असे लिहिले आहे. सोबतच्या एक्स-रेवरून ते खोटे ठरते. सबब दावा फेटाळण्यात येत आहे. म्हणणे असल्यास आठ दिवसांत कळवावे.'

सोबत एका एक्स-रे फिल्मचं मोबाईलवर काढलेलं चित्र छापून जोडलं होतं. डावा गुडघा, त्याखालच्या हाडाला ठसठशीत तडा. कोपऱ्यात ताईचं माहेरचं नाव, वय एकोणीस, आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. निनावी पाकिटातून आलं होतं म्हणे.

"जुनं दुखणं होतं म्हणून दावा जातो का हो?" काकांनी विचारलं.

"मुळीच नाही. तडकलेली कपबशी कुणी फोडली, तर 'ती आधीच तडकलेली होती' म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. आधी किती होतं आणि अपघातानं किती वाढलं, एवढाच हिशेब. पण लपवलं असं एकदा ठरलं, की आपलं खरंही कुणी ऐकत नाही."

काकांनी ते चित्र उजेडात धरलं. हाडाकडे त्यांनी क्षणभरच पाहिलं. मग कपाळाला आठी घालून ते हाडाच्या मागच्या उजेडाकडे बघत बसले.

"काय झालं?"

"हा फोटो दवाखान्यातल्या दिव्याच्या पेटीवर काढलेला नाही," काका म्हणाले. "आणि खिडकीच्या काचेवरही नाही. तीन उजळ पट्टे आहेत बघा, आणि चौथ्या पट्ट्याच्या जागी अंधार."

२

ताईचं घर दोन खोल्यांचं. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. काकांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"काका, मी खोटं का बोलेन? माझी सही आहे, पण मी गुंगीत होते. अर्ज चिमणीनं भरला."

चिमणी म्हणजे ताईची धाकटी बहीण, सत्तावीस वर्षांची. त्याच लाँड्रीत आठ महिन्यांपूर्वी ती सुपरवायझर झाली होती. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती लगेच पुढं झाली, डोळ्यांत पाणी.

"माझंच चुकलं, काका. लाँड्रीत ओल्या बाजूच्या बायकांचे हात दिवसभर पाण्यात, त्यामुळं त्यांचे सगळे कागद कोरड्या बाजूनं आम्हीच भरतो. त्याच सवयीनं भरला. कधीचं बरं झालेलं दुखणं, कशाला लिहायचं म्हणून 'नाही' लिहिलं. मला काय माहीत त्याचं एवढं होईल!"

काकांना तिची दया आली. गेले सहा आठवडे ही पोरगी ताईला चाकाच्या खुर्चीतून ऑफिसात आणत होती. काकांसाठी थर्मासमधून चहा आणायची, शेजारी बसून विचारायची, "काका, जुना तडा आणि नवा तडा फोटोत वेगळा कसा कळतो?" इतक्या वर्षांत असलं काही त्यांना पोटच्या मुलानंही विचारलं नव्हतं. काका खुलून तासभर समजावत बसायचे.

"जुने फोटो कुठे असतात?" काकांनी विचारलं.

"कपाटात, पिवळ्या पाकिटात," ताई म्हणाली. "दोन आहेत. एक पडले तेव्हाचा, आणि एक वर्षभरानं काढलेला. हाड सांधलं, आता पळ म्हणाले होते डॉक्टर."

ताईच्या नवऱ्यानं कपाट उघडून पाकीट काढलं. पाकीट रिकामं होतं.

मग चिमणीनं भावोजींकडे असं पाहिलं, की काकांनाही तिकडे बघावंच लागलं.

नवरा बसचालक होता, तिरसट म्हणून गल्लीत प्रसिद्ध. काका निघाले तेव्हा चिमणी जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "भावोजींना मॅनेजरनं बोलावलं होतं. थोडंफार घ्या आणि मिटवा म्हणून. ते तयारही होते. ताईला सांगू नका, तिला सहन नाही व्हायचं."

"ती मुळात पडली कशी गं, एकोणिसाव्या वर्षी?"

"जिन्यावरून," चिमणी म्हणाली. "मी तर लहान होते. ते फोटोसुद्धा मी कधी डोळ्यांनी पाहिले नाहीत."

बस डेपोजवळ काकांनी नवऱ्याला गाठलं. त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"हो, मिटवा म्हणालो मी. हिचं कण्हणं रोज मी ऐकतो, तुम्ही नाही. पण हिच्या पाठीमागं हिचे फोटो विकीन? अहो, ही पडली बुधवारी, आणि पुढच्या बुधवारी घरी आणली. ते सात दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर काढले. घराची किल्लीसुद्धा माझ्याकडे नव्हती. कपडे, कागद आणायला चिमणीला दिली होती."

"जिन्यावरून पडल्या होत्या म्हणे त्या वेळी?"

नवरा हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "जिन्यावरून? कोण म्हणालं? चिमणी आठ वर्षांची असताना पाण्याच्या टाकीवर चढली आणि वर जाऊन गोठली. आई नव्हतीच यांना. ही शिडीनं वर गेली, पोरीला पाठीवर घेऊन उतरली. शेवटची पायरी निखळली, तर पोर वर धरून ही खाली आपटली. चिमणीला साधं खरचटलंही नाही."

काका डेपोच्या फाटकाशीच थांबून राहिले. अशी गोष्ट माणूस विसरेल कशी, हे त्यांना काही केल्या समजेना.

३

लाँड्रीत मधोमध एक भिंत होती. अलीकडे ओली बाजू : वाफ, यंत्रांची घरघर, गुडघाभर चादरींचे ढीग. पलीकडे कोरडी बाजू : इस्त्री, घड्या, गठ्ठे. दोन्हींच्या मध्ये उतार, आणि त्या उतारावरून गाड्या खाली यायच्या.

मॅनेजर गोड बोलणारा होता. "मी कशाला अडवीन, साहेब? भरपाई विमा कंपनी देणार, माझ्या खिशातून थोडीच जातेय. मिटवा म्हणालो, कारण चौकशीची कटकट. पण लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. ती गाडीही त्याच दुपारी मी कुलूप लावून गोदामात टाकली. रोज सकाळी प्रत्येक गाडीचा ब्रेक तपासून तक्त्यावर खूण होते. हा बघा तक्ता."

त्यानं तो अभिमानानं पुढं केला. सात नंबरची गाडी, बुधवार : ब्रेक ठीक. काकांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला.

"ताईंच्या घरी कधी गेलात?"

"घर कुठं आहे तेही ठाऊक नाही मला."

मग काका कोरड्या बाजूला वळले आणि जागच्या जागी थबकले. समोर एक लांब टेबल होतं. वर दुधी काच, काचेखाली दिवे. एक इस्त्रीवाली बाई त्यावर चादर पसरून भोकं आणि डाग शोधत होती. काचेखाली चार ट्यूब होत्या.

काकांनी छापील चित्र काढलं आणि टेबलाशेजारी धरलं. पट्ट्यांची रुंदी तीच, मधलं अंतर तेच. एकतीस वर्षं ज्यानं उजेडावर पोट भरलं, त्याची उजेडाच्या बाबतीत चूक होत नाही.

पण टेबलाच्या चारही ट्यूब लख्ख पेटलेल्या होत्या.

४

इस्त्रीवाली ताईची जुनी मैत्रीण होती, पण वर्षभर दोघींत अबोला. घड्यांच्या हलक्या कामावरची बदली ताईनं तिला सोडून दुसऱ्याच बाईला मिळवून दिली, हा राग.

"मी तिच्या दारात पाय ठेवत नाही," ती फणकारली. "पण पायाचं ऐकून वाईट वाटलं. कधी मिळणार तिला पैसे?"

"या टेबलाची एखादी ट्यूब कधी गेली होती का हो?"

"एखादी? नवं टेबल आल्यापासून एकदाच गेली. ताई पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. कडेची. चार दिवस आम्ही खिडकीशी धरून चादरी तपासल्या, त्यात एक फाटकी हॉटेलात गेली आणि माझा पगार कापला. विसरेन मी? सोमवारी दुपारी वायरमन आला तेव्हा बदलली."

"मग ते चार दिवस या टेबलाजवळ कोण असायचं?"

"कोणी नाही. रिकामंच पडलेलं."

वायरमनच्या वहीतही तेच होतं : सोमवार, दुपार, ट्यूब एक. काका बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मनातल्या मनात दिवस मांडू लागले. बुधवारी अपघात. गुरुवार ते सोमवार टेबलाची कडेची ट्यूब बंद, म्हणजे फिल्मचा फोटो त्याच दिवसांत निघाला. आणि अर्ज भरला गेला मंगळवारी.

त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. मग मोबाईल काढून गाड्यांच्या तक्त्याचा फोटो मोठा केला. बुधवारी सात नंबरची गाडी ताईवर आली, आणि मॅनेजरनं त्याच दुपारी ती कुलूप लावून गोदामात टाकली. तरीही गुरुवारी तिच्यापुढे खूण होती. शुक्रवारी होती, शनिवारीही होती. कुलपातल्या गाडीचा ब्रेक रोज सकाळी कोणीतरी ठीक असल्याचं लिहीत होतं.

तक्त्याखाली सही चिमणीची होती.

थर्मासमधला तो चहा आठवून काकांना स्वतःचीच लाज वाटली. जुना तडा आणि नवा तडा वेगळा कसा कळतो, हे त्या पोरीला शिकायचंच नव्हतं. हा म्हातारा किती ओळखू शकतो, एवढंच तिला बघायचं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाईंच्या ऑफिसात सगळे आले. ताई खुर्चीत, नवरा दाराशी, चिमणी ताईच्या खुर्चीच्या मागे, दोन्ही हात मुठीवर.

"भावोजींनी कबूल केलं का?" तिनं विचारलं.

"बस, पोरी," काका म्हणाले. ती बसली नाही.

काकांनी छापील चित्र टेबलावर ठेवलं. "हा फोटो लाँड्रीच्या दिव्याच्या टेबलावर काढलाय. एक ट्यूब बंद होती, ती गुरुवार ते सोमवार. म्हणजे त्या चार दिवसांत ज्याला ताईंच्या कपाटापर्यंत जाता येत होतं आणि लाँड्रीच्या कोरड्या बाजूलाही, असा माणूस हवा. नवरा हॉस्पिटलच्या बाकावर, आणि लाँड्रीत त्याला कोणी आत सोडत नाही. मॅनेजरला घर माहीत नाही. इस्त्रीवाली दारात पाय ठेवत नाही. घराची किल्ली एकाच माणसाकडे होती."

ताईनं मान वळवून मागं पाहिलं. "चिमणे?"

"मी ते फोटो कधी पाहिलेच नाहीत, ताई! काका काहीतरी जुळवतायत."

"मीही म्हटलं असतं, जुळवतोय," काका म्हणाले. "पण तू मला म्हणालीस, बरं झालेलं दुखणं कशाला लिहायचं म्हणून 'नाही' लिहिलं. अर्ज मंगळवारी भरला. फोटो सोमवारच्या आत निघाला. तडा दाखवणारी फिल्म आधी हातात घेतलीस, आणि मग 'नाही' लिहिलंस. ती चूक नव्हती. आधी ताईला खोटं पाडायची तयारी केलीस, मग तिच्या सहीनं खोटं लिहिलंस."

"पण का?" नवरा दारातून ओरडला. "हिनं काय वाकडं केलं होतं तुझं?"

"ताईंनी काहीच केलं नाही," काका म्हणाले. त्यांनी तक्ता पुढं केला. "ही सोमवारीच अख्ख्या आठवड्याच्या खुणा करून मोकळी व्हायची. ब्रेक कोणी तपासलेच नव्हते. दावा चालला असता तर विमा कंपनीनं गाडी पाहिली असती, हा तक्ता मागितला असता. दावा कागदावरच मेला, की गाडीकडे कोण बघतंय?"

चिमणीचे हात मुठीवरून गळून पडले. ती भिंतीला टेकली.

"सगळेच तसं करतात," ती पुटपुटली. "आधीचा सुपरवायझरही सोमवारीच भरायचा. मीच का मरायचं? आठ महिने झाले फक्त. माझी नोकरी गेली असती, वर केस झाली असती. मी मॅनेजरांशी बोलले होते, ताई. तुला बसून करायचं काम देणार होते ते. मी तुझं बघितलंच असतं."

"आणि ऑपरेशन?" वकीलबाईंनी विचारलं.

चिमणी रडत होती, आणि रडता रडता अचानक चिडली. "गुडघा तर तिचा आधीच गेलेला होता ना!"

काकांना वाटलं, ताई आता ओरडेल, निदान रडेल. ती नुसती बहिणीकडे बघत होती, जणू ही बाई कोण ते तिला आठवत नव्हतं.

"कसा गेला होता गं?" ताईनं विचारलं. "सांग ना काकांना. जिन्यावरून, होय ना?"

चिमणीनं तोंडावर हात घेतला.

"दुसरा फोटो कुठं आहे?" काकांनी विचारलं. "हाड सांधल्याचा. तो तू पाठवला नाहीस."

"माझ्या लाँड्रीतल्या कपाटात," ती म्हणाली. "फाडायला काढला होता. फाडवला नाही."

वकीलबाई पुढं वाकल्या. "ताई, नीट ऐका. दुसरा फोटो मिळाला तर अजून सावरता येईल. हाड पूर्ण सांधलं होतं, अकरा वर्षं तुम्ही ओल्या चादरींच्या गाड्या ढकलल्यात, एकदाही गुडघ्यासाठी रजा नाही. जे वाढलं ते सगळं त्या गाडीनं. पण 'नाही' तुम्ही लिहिलं नव्हतं, हे शपथेवर सांगावं लागेल. कोणी लिहिलं, आणि का, तेही."

"ताई," चिमणी खाली बसली, खुर्चीच्या चाकाजवळ. "कारकुनाची चूक झाली म्हण. मी दुसरा फोटो आणून देते, आत्ता आणते. माझं नाव नको घेऊस. मला तुझ्याशिवाय आहे कोण?"

काकांनी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "कारकुनाची चूक म्हटलं तर ते विचारतील, मग निनावी पाकीट कोणी पाठवलं? अर्धं सांगून चालायचं नाही."

ताईनं हात पुढं केला. चिमणीला वाटलं, आपल्या डोक्यावर ठेवायला. पण ताईनं चाक धरलं आणि खुर्ची हातभर मागं घेतली.

"लिहा बाई," ती म्हणाली. "सगळं लिहा. पाय माझाय, मला चालायचंय."

वकीलबाईंनी कागद ओढला. लिहिता लिहिता त्या वाचत गेल्या. "'...सदर अर्ज माझ्या सख्ख्या बहिणीने भरला...'"

"ते खोडा," ताई म्हणाली. "सुपरवायझरनं भरला असं लिहा."

"नातं लिहिलं तर आपली बाजू पक्की होते, ताई. किल्ली तिच्याकडे कशी आली, हे त्यातूनच कळतं."

चिमणीनं मान वर केली. तिच्या तोंडावर आशा होती, आणि ती आशा काकांना बघवेना. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मग लिहा, किल्ली आम्ही विश्वासानं दिली होती," ताई म्हणाली. "पण बहीण लिहू नका. मला बहीण नाही."

वकीलबाईंनी शब्द खोडला आणि त्यावर दुसरा लिहिला.